आधी वाईट सांग

निलेशचा फोन आला तेव्हा मी डबे भरत होते. भाईंदरजवळच्या बेव्हर्ली पार्कमधल्या आमच्या स्वयंपाकघरात सकाळी कुकर, मिक्सर आणि नवऱ्याचं ‘माझा चष्मा कुठाय’ हे सगळं एकदमच सुरू असतं, त्यामुळे पहिले दोन-तीन शब्द मला ऐकूच आले नाहीत. निलेश माझ्या जनाआत्याचा मुलगा. कॅनडात, हॅलिफॅक्स नावाच्या बंदराच्या गावी लहानाचा मोठा झालेला, मराठी बोलताना एकेक शब्द जपून टाकणारा. तो म्हणाला, “सुजाताई, आधी वाईट सांगतो. आई गेली.” मग म्हणाला, “आता चांगलं सांगतो. तिला त्रास झाला नाही. दुपारी जेवली, झोपली.” मी गॅस बंद केला आणि तिथेच ओट्याला टेकून उभी राहिले. बातमी अशी सांगायची, वाईट ती पहिली आणि आडपडदा न ठेवता, हे आत्यानेच त्याला शिकवलं होतं. त्यालाच काय, आमच्या अख्ख्या खानदानाला शिकवलं होतं. तिची स्वतःची बातमीही त्याच शिस्तीत आली, याचं मला त्या रडण्यातसुद्धा कौतुक वाटलं.

तासाभरात नातेवाइकांचे फोन सुरू झाले आणि प्रत्येकाचा सूर एकच, की बाबांना एवढ्यात सांगू नका. बाबा म्हणजे माझे वडील, आत्याचे थोरले भाऊ. ऐंशी ओलांडलेत, रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत. कोणी म्हणालं दोन दिवस जाऊ देत, कोणी म्हणालं आजारी आहे एवढंच सांगा, पुढचं हळूहळू. मी कोणाशी वाद घातला नाही. रिक्षा केली आणि थेट मुर्ध्याला माहेरी गेले. बाबा ओट्यावर पेपर वाचत बसले होते. मी चपलासुद्धा काढल्या नाहीत. “बाबा, जनाआत्या गेली,” म्हटलं. त्यांनी चष्मा काढून पेपरावर ठेवला आणि विचारलं, “कवा?” मी सांगितलं. “लगेच सांगलंस ते बरं केलंस,” एवढं म्हणाले आणि भिंतीचा आधार घेत आंघोळीचं पाणी काढायला आत गेले. गेलेल्या लेकीचं सुतक माहेराला तीनच दिवस असतं. ते तीन दिवस बाबांनी पाळले, पण ‘तीनच दिस’ हे शब्द ते स्वतःशी इतक्या वेळा बोलले की शेवटी आई त्यांच्यावर ओरडली.

मुर्धा आज भाईंदरहून उत्तनकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं, बस आणि रिक्षांनी गजबजलेलं गाव आहे, पण आत्याच्या लहानपणी गावापेक्षा मिठागरं मोठी होती. आमची भातशेती थोडी आणि मीठ जास्त. शाळा सुटली की जना आणि तिची मैत्रीण शेवंता दोघी मिठाच्या कोंड्यांवर, म्हणजे मीठ पिकवायच्या वाफ्यांवर, जायच्या, आणि पायांना चिरा पडल्या म्हणून घरी येऊन एकमेकींचे पाय खोबरेल तेलाने चोळायच्या. शेवंता शेजारच्या राई गावची. दोघींची पक्की जोडी होती, आणि ती जोडी जमली माझ्या आजीमुळे. माझी आजी धवलारीण होती. आमच्या आगरी लग्नांत जुन्या काळापासून लग्नाचे विधी धवलारीण चालवते. मांडव, हळद, तेल, लग्न, पाठवणी, प्रत्येक वेळचा वेगळा धवला, म्हणजे गाणं, आणि तो धवला म्हणल्याशिवाय ते काम पुरं झालं असं मानत नाहीत. हे सगळं पाठ असावं लागतं. आजीने ते जनाला आणि शेवंताला बरोबरच शिकवलं. आजी सांगायची की शेवंताचा गळा गोड आहे आणि जनाचा आवाज लांब जातो. लांब जातो हे तिने फारच खरं केलं.

आतोबा, म्हणजे आत्याचे यजमान, जहाज दुरुस्तीच्या कामातले फिटर. लग्नानंतर आधी बहारीनला गेले, तिथून कोणाच्या तरी ओळखीने हॅलिफॅक्सला. आत्या तान्ह्या निलेशला घेऊन मागाहून गेली. तिथल्या पहिल्या हिवाळ्याची गोष्ट तिने आम्हाला इतक्या वेळा सांगितली आहे की माझ्या मुलांनाही ती तोंडपाठ आहे. बर्फ पडला, आणि सकाळी एक मोठा ट्रक येऊन रस्त्यावर काहीतरी पांढरं उधळत गेला. आत्याने खिडकीतून पाहिलं, खाली उतरून बोटाला लावून चाखलं, आणि तिचा विश्वासच बसेना. मीठ! रस्त्यावर! बर्फ वितळावा म्हणून तिथे मीठ टाकतात हे आतोबांनी तिला परोपरीने समजावलं. पण मिठावर पाय द्यायचा नाही हे आमच्याकडे चालायला शिकण्याआधी शिकवतात. मीठ म्हणजे आमची भाकरी. तेव्हा ही बाई अख्खा आठवडा रस्त्याच्या कडेने, जिथे मीठ नाही अशा बर्फावरून चालली, आणि शेवटी सपशेल आपटून मनगट मोडून घेतलं. मग प्लास्टर घातलेल्या हाताने ट्रकला नमस्कार करून तिने मिठावर पहिलं पाऊल टाकलं. आम्ही हसून लोळायचो. ती म्हणायची, “हसा! मना इचारा, माझा जीव किती कळवलला.”

ती तिथे एका वृद्धाश्रमात कपडे धुण्याच्या विभागात कामाला लागली. मोठमोठी यंत्रं, त्यांचा आवाज, आणि त्या आवाजात मोकळ्या गळ्याने गाणारी माझी आत्या. यंत्रांच्या आवाजात आपलं कोणाला ऐकू येत नाही असा तिचा समज होता. एक दिवस तिथली एक खूप म्हातारी गोरी बाई चाकाच्या खुर्चीवरून दारात येऊन बसली आणि रोजच येऊ लागली. आत्या तिच्यासाठी हळदीचा धवला म्हणायची. “त्या म्हातारीला ह्या वयात मी रोज हळद लावते,” असं तिने मला कितीतरी वर्षांनी सांगितलं. आणि रविवारी घरी, भाकऱ्या थापता थापता, ती अख्खं लग्न पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हणायची. मांडवापासून पाठवणीपर्यंत, एकही धवला न गाळता. नवरा नाही, नवरी नाही, वऱ्हाड नाही... समोर फक्त परात. निलेशला मोठा होईपर्यंत वाटत होतं की आई रविवारी देवाचं काही म्हणते. आम्हाला तर तेव्हा यातलं काहीच माहीत नव्हतं. आम्हाला एवढंच माहीत होतं की आत्या कॅनडात असते.

आणि इथेच आमची चूक सुरू झाली. चूक म्हणते, पण तेव्हा ती सगळ्यांना माया वाटत होती. परदेशातल्या माणसाला वाईट काही कळवायचं नाही, असा आमच्या घराचा जणू कायदा होता. ती एकटी आहे, लांब आहे, तिथे रडायला खांदा नाही, मग कशाला सांगायचं? आजोबांना अर्धांगाचा झटका आला तो तिला कळवला ते उठून काठीने चालायला लागल्यावर. शेताचा तुकडा गेला, काकांचं काम सुटलं, यातलं तिला काही नाही. तिला कळायचं ते फक्त कोणाचं लग्न ठरलं, कोणाला मुलगा झाला, कोणी नवीन गाडी घेतली. वर्षांमागून वर्षं तिला आमच्या घराची गोड बाजू तेवढी मिळत गेली. त्या मानाने पाहुणे बरे, त्यांना निदान घरातली भांडणं तरी ऐकू जातात.

माझ्या धाकट्या भावाचं, महेशचं लग्न ठरलं तेव्हा ती बऱ्याच वर्षांनी येणार होती. त्याच्या दोन-तीन महिने आधी शेवंता गेली. साधा ताप म्हणता म्हणता गेली. नेमकं तेव्हाच आतोबांचं हृदयाचं मोठं ऑपरेशन झालं होतं. बाबांनी फर्मान काढलं की जनाला कळवायचं नाही, इथे आली की बघू. ती आली, तर फर्मान पुढे सरकलं, मंगलकार्य आहे, लग्न होऊन जाऊ दे मग सांगू. मी तेव्हाच बाबांना म्हटलं होतं की हे बरोबर नाही, तिला आज ना उद्या कळेलच. तर ‘तू सासरी गेलीस, तिथलं बघ’ असं ऐकून घेतलं. तेव्हा विमानातून आत्या उतरली ती सरळ या गोड खोट्यात. शेवंता कुठे आहे विचारलं तर सांगितलं, अलिबागला लेकीकडं गेलीय, पाय मोडलाय. फोन लाव म्हणाली तर, तिथे रेंज नसते. बाबांना खोटं बोलता येत नाही, म्हणून ते आत्या समोर आली की अंगणात जाऊन मांडववाल्यांवर उगाच ओरडायचे.

तिचा पाहुणचार तर काय सांगावा! महेशने बाटलीबंद पाण्याचे खोके आणून लावले होते. माडीवर कमोड बसवला होता. आईने तिच्यासाठी बिनतिखटाचं कालवण वेगळं काढलं, आणि काकीने भाईंदरहून पांढऱ्या सॉसचा पास्ता मागवला, आत्याला तिकडची सवय असेल म्हणून. आत्या त्या पास्त्याकडे आणि आम्ही वाटून खात असलेल्या जवळ्याकडे आलटून पालटून बघत बसली. भांड्याला हात लावला की कोणीतरी म्हणे, “आत्या, तुम्ही बसा.” शेवटी ती चिडली. “कवापासून ‘तुम्ही’ झालू गो मी? ह्या घरात जन्माला आयलू, आनि आता सोफ्यावर बसवून ठेवताव?” सगळे हसले. पण मी तिच्या शेजारी बसले होते, तिच्या आवाजातला काटा मला कळला. तिला दुसरं काही नको होतं. नको तो पांढरा सॉस, नको तो कमोड. या घरची म्हणून आपल्याला मोजावं, एवढंच तिचं मागणं होतं, आणि ते कोणाच्या लक्षातच येत नव्हतं.

शेवंता नाही म्हणजे गावाला धवलारीण नाही. नव्या पोरींपैकी कोणाला दोन ओळी यायच्या, कोणाला चार. महेश म्हणाला, हळदीला डीजे सांगितलाच आहे, मोबाइलवर धवल्यांचं रेकॉर्डिंग मिळतं, ते लावू. आत्या ताडकन उठली. “शेवंता न्हाय तर मी म्हननार. रेकॉर्ड कसला लावताव? रेकॉर्डला माहीत हाय का ह्या घरात कोन कोन हाय?” आम्ही सगळे एकमेकांकडे बघायला लागलो. आमच्या दृष्टीने ती कॅनडावाली, नऊवारी नेसायला आईची मदत घेणारी. तिला आठवणार किती? आईने हळूच विचारलं, “जने, येल का तुला समदं?” आत्या म्हणाली, “बसव तर खरं मांडवात.”

मांडवात पहिला धवला बोलावण्याचा असतो. आमच्या घरी त्याची रीत अशी: आधी देव बोलवायचे, गावदेवी पहिली. मग घरातली गेलेली माणसं, एकेकाचं नाव घेऊन. आणि शेवटी जिवंत पण लांब असलेली, जी येऊ शकत नाहीत ती. कितीतरी वर्षं आमच्या घरच्या प्रत्येक लग्नात शेवंता या शेवटच्या हाकेत न चुकता म्हणायची, दर्यापल्याडची जना, ये. बायका डोळे पुसायच्या. आणि आज ती दर्यापल्याडची जना स्वतः पाटाशी मांडी घालून बसली होती. तिने सुरुवात केली आणि मांडवातली कुजबुज थांबली. इतका स्वच्छ, ठाम आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता. आजीची चाल, आजीचे थांबे... म्हाताऱ्या बायका एकमेकींच्या मांडीवर हात मारून ‘ऐकते का, ऐकते का’ करायला लागल्या. आमच्या पिढीला कधीच ऐकू न आलेल्या ओळी तिने म्हटल्या. शेवंताने काळाप्रमाणे छाटून टाकलेलं सगळं आत्याकडे जसंच्या तसं होतं, कारण परातीसमोर गाताना तिला घाई कोणाची होती? माझ्या बाबांकडे पाहिलं, तर ते मांडवाचा खांब धरून उभे होते आणि त्यांची छाती नुसती फुलली होती. माझीही तीच गत. वाटलं, सगळ्या भाईंदरला ओरडून सांगावं, ही माझी आत्या आहे.

देव झाले. गेलेली माणसं झाली, तिने आपल्या आईचं नाव घेताना आवाज जराही हलू दिला नाही. मग ती लांबच्यांकडे वळली. आणि आमच्यापैकी एकाच्याही लक्षात आलं नव्हतं ते घडलं. तिने हाक घातली, लेकीच्या घरची शेवंता, ये. पाय दुखतो तर गाडीत बसून ये. असं तिने तिथल्या तिथे जोडून, हसत म्हटलं. मैत्रिणीच्या नावाला ती हसलीच. पण मांडवातलं कोणी हसलं नाही. बायकांनी माना खाली घातल्या. शेवंताची जाऊ कोपऱ्यात बसली होती, तिने पदर तोंडात कोंबला आणि तरी तिच्या तोंडून हुंदका फुटलाच. आत्याने तिच्याकडे पाहिलं. मग आईकडे, मग खांबाशी उभ्या असलेल्या भावाकडे. बाबांनी नजर वळवली. त्या नजर वळवण्यात तिला सगळं कळलं.

धवला सुरू झाला की मध्ये थांबवत नाहीत, तो थांबला तर अपशकुन, नवऱ्या मुलाच्या डोक्यावर येतो. हे तिला आमच्यापेक्षा जास्त माहीत होतं. ती उठली नाही, तिने काही विचारलं नाही. श्वास घेतला, आणि उलटी मागे गेली. लांबच्यांच्या हाकेतून पुन्हा गेलेल्यांच्या हाकेत. असं कोणी कधी केलं नव्हतं. तिने आपल्या आईचं नाव पुन्हा घेतलं आणि तिच्या मागोमाग शेवंताला तिथे बसवलं. नाव सांगितलं, गाव सांगितलं, गळा गोड होता हेसुद्धा सांगितलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि आवाज मात्र कापला नाही. मग ती परत पुढे आली, राहिलेली लांबची माणसं बोलावली आणि धवला पुरा केला. पुढे हळद, तेल, लग्न, पाठवणी, सगळं तिनेच म्हटलं. महेशच्या लग्नात काहीही उणं राहिलं नाही. आज इतकी वर्षं झाली, पण मला कोणी विचारलं की तू पाहिलेलं सगळ्यात मोठं काम कोणतं, तर मी त्या मांडवातल्या माझ्या आत्याकडे बोट दाखवीन.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तिने डोक्यावरून आंघोळ केली, राईला जाऊन शेवंताच्या घरी दुपारपर्यंत बसली, आणि परत आल्यावर बाबांना ओट्यावर बोलावलं. आम्ही दारामागे. वाटलं, आता आकांडतांडव होणार. ती शांतपणे म्हणाली, “दादा, तू मना पावनी केलास. पावन्यांना गोड खाऊ घालतात, वंगाळ सांगत न्हाईत. मी पावनी हाय का?” बाबा म्हणाले, “तुझा नवरा आजारी होता, जने...” “तर? माझा नवरा आजारी होता म्हनून माझी शेवंता मेली न्हाय का? तिला मी बोलावलं रे... जित्यांत बोलावलं.” बाबा खाली मान घालून रडले. मी त्यांना त्याआधी कधी रडताना पाहिलं नव्हतं. मग तिने नियम घातला. यापुढे फोन केला की आधी वाईट सांगायचं, मग चांगलं. वाईट नसेल तर ‘वाईट काही नाही’ असं तोंडाने म्हणायचं, म्हणजे लपवलं नाही हे तिला कळेल. जो लपवेल त्याच्याशी ती बोलणार नाही. “आनि ह्या बाटल्या उचला, मना नळाचं पानी द्या,” हे सगळ्यात शेवटी.

त्यानंतरचे आमचे रविवारचे फोन म्हणजे एक तमाशाच असायचा. “आधी वाईट सांग,” ती म्हणायची आणि मी सुरू व्हायचे. शेजारच्या शाहांची सून माहेरी निघून गेली. महेशच्या दुकानासमोर रस्ता खणून ठेवलाय. आईची साखर वाढलीय. मिठागरावर यंदा भरतीचं पाणी घुसलं. काकांच्या मोठ्याने पुन्हा प्यायला सुरुवात केली. ती प्रत्येक गोष्ट तब्येतीने ऐकायची, मध्येच उपाय सुचवायची, शिव्या घालायची, आणि ज्याला गरज असेल त्याला स्वतः फोन करायची. काकांच्या मोठ्याला तर तिने हॅलिफॅक्समध्ये बसून इतकं पिडलं की त्याने कंटाळून दारू सोडली असं तो स्वतःच सांगतो. इथे राहणाऱ्या नातेवाइकांपेक्षा तिला आमच्या घरातलं जास्त माहीत असायचं. शेजारच्या शाहभाभी आमच्या भिंतीला भिंत लागून, त्या एकदा मला म्हणाल्या, “आपकी बुआ कॅनडा में रहती है या ऊपरवाले माले पे?”

वाईट आणि चांगलं दोन्ही संपलं की ती म्हणायची, “चल, म्हन.” कारण त्या लग्नानंतर तिने मला धरलं होतं. शेवंता गेली, मी लांब, माझ्यामागे कोण, असं तिचं म्हणणं. मी म्हटलं, आत्या, मला बँकेची नोकरी, दोन पोरं, सासूबाई, मला कुठे वेळ? तर म्हणाली, “भाकऱ्या करतेस का? मंग वेळ हाय.” मी वही-पेन घेऊन बसले तर तिने व्हिडिओवर ते पाहिलं आणि ओरडली, “लिव्हू नको. कागदावर गेलं की डोक्यातून जातं.” तेव्हा पाठ करत गेले. कणीक मळता मळता, गॅसजवळ फोन डब्याला टेकवून. चाल चुकली की ती तिकडून परातीवर चमचा मारायची. माझी धाकटी मुलगी अभ्यास सोडून नक्कल करायची, आत्याची आणि माझी दोघींची. कितीतरी वर्षं लागली, पण आता मला अख्खं लग्न येतं. मधल्या काळात आतोबा गेले. ती बातमी तिने स्वतः आम्हाला दिली, तिच्याच पद्धतीने, पहिल्याच वाक्यात. पहिल्यांदा माझ्याकडून चुलतबहिणीच्या लग्नात म्हणवून घेतलं तेव्हा ती फोनवर शेवटपर्यंत ऐकत होती. संपल्यावर एवढंच म्हणाली, “आजीच्या वरताण न्हाय, पन आजीची हाय.” त्या एका वाक्यावर मी महिनाभर हवेत होते.

शेवटची ती आली ती दोनेक वर्षांपूर्वी. गुडघे गेले होते, पण पहिल्याच दिवशी चुलीशी पाट घेऊन बसली आणि आईला म्हणाली, “उठ, तू दमलीस.” आता कोणी तिला बसा म्हटलं नाही. घरातली तीन भांडणं तिने त्या मुक्कामात सोडवली आणि दोन नवी लावली. जाताना विमानतळावर मला म्हणाली की आता यायचं काही जमणार नाही बघ. मी म्हटलं असं नको बोलूस. तर माझ्या गालावर चापट मारली. “लपवू काय तुझ्यापासून?”

आत्या गेली त्याला आता काही आठवडे झाले. गेल्या पंधरवड्यात माझ्या चुलत पुतण्याचं लग्न होतं. तेच अंगण, मांडवात मी बसलेली. मनात एकच काळजी होती आणि ती मी कोणाला बोलले नव्हते. गेलेल्यांच्या हाकेत माहेरच्या लेकींचं नाव नसतं. लेक सासरच्या पितरांत जाते, तिला तिकडे बोलवायचं, अशी रीत आहे, आणि रीत मोडायची तर ती मोडणारी मी कोण? पण तिच्या सासरी, त्या बर्फाच्या गावात, धवला म्हणणारं कोण आहे? निलेशला तो येत नाही. इथे नाव घेतलं नाही तर कुठेच घेतलं जाणार नाही. आणि लांबच्यांच्या हाकेतलं ‘दर्यापल्याडची जना’ तर आता म्हणता येणार नव्हतं. म्हणजे ती दोन्हीकडून सुटणार, हे डोक्यात घोळत असताना मी सुरुवात केली. गावदेवी झाली. पणजोबा, आजोबा, आजी... आजीचं नाव घेऊन मी ओळ जरा लांबवली, कारण पुढे काय करायचं ते मला माहीत नव्हतं.

बाबा खुर्चीवर, खांबाशीच बसले होते. त्यांना हल्ली कमी ऐकू येतं म्हणून ते मोठ्याने बोलतात. “सुजा, जनाला घे,” ते म्हणाले. मांडवभर ऐकू गेलं. एक म्हातारी काकू रीतीला धरून म्हणाली, “अरं पन लेक ती, सासरच्यांत...” बाबांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. “आईच्या बाजूला बसव,” ते मला म्हणाले. मी म्हटलं. नाव सांगितलं, गाव सांगितलं, मुर्धा हेच गाव सांगितलं. आवाज लांब जायचा हेही सांगितलं. चाल सुटू दिली नाही, आणि मला तेव्हा रडण्यापेक्षा ताठ बसावंसं वाटत होतं.

धवला संपला, बायका हळदीच्या तयारीला उठल्या. नवरीकडची एक आजी, उरणकडची, पहिल्यांदाच आमच्या घरी आलेली, माझ्याजवळ सरकून हळूच विचारायला लागली, “कोन गो ही जना? कवा गेली?” मी तोंड उघडायच्या आत बाबांनीच उत्तर दिलं. एरवी त्यांना दहा वेळा ओरडून सांगावं लागतं, हे मात्र एका झटक्यात ऐकू आलं.

“माझी भैन,” ते म्हणाले. “इथंच असते.”